ताराचंदशेठची पंगत

सुंदरबाई तुमसरला ताराचंदशेठच्या राइस मिलमध्ये तांदूळ पाखडायची. नवरा लवकर गेला होता. आईवेगळा धाकटा भाऊ खुशाल तिनेच वाढवला आणि तो फौजेत लागला.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात बाजारात सभा झाली. शाळेचे मास्तर म्हणाले, "बंगाल्याइनं मतं देऊन आपली माणसं निवडून आणली. त्याइचं राज्य बसायच्या आधीच दुरून फौज येऊन घरात घुसली. लाखो लोक आपल्याकडे पळून येऊन राहिले. साऱ्या दुनियेतून मदत येऊन राहिली, मंग आपला तांदूळ काहून नाही?"

गावोगावच्या बैलबंड्या तांदूळ घेऊन आल्या. सुंदरबाईने घरातले दोन पायली तांदूळ दिले. सगळी पोती शेठच्या मिलमध्ये जमा झाली.

चार दिवसांनी भरदुपारी तिने पाहिलं. हमाल ती पोती शेठच्या गोदामात रिकामी करत होते आणि त्यांच्यात मागल्या साली भिजलेला, किडे पडलेला तांदूळ भरत होते. तिने शेठला विचारलं.

"उपाशी माणसाले काय चव लागते?" शेठ म्हणाला. "तू आपलं सूप पाहा."

ती परत सुपाशी बसली. मिल सुटली तर जायचं कुठे?

डिसेंबरातल्या लढाईत खुशाल पडल्याची तार आली. पुढच्या महिन्यात त्याच्या पलटणीतला साकोलीचा कवडू भेटायला आला. त्याने सांगितलं, "खुशाल आपल्या अर्ध्या रोट्या पळून आलेल्या लोकाइच्या कॅम्पातल्या लेकराइले द्यायचा, बाई. तिथचा तांदूळ लेकराइच्या पोटात ठरत नव्हता."

"कुठचा होता तांदूळ?"

"ते कोणाले माहीत?"

तेवढ्यावर ती उठली. तिचं रडणं त्या दिवशी थांबलं आणि दुसरंच काहीतरी सुरू झालं.

त्याच महिन्याच्या अखेरीस गावाने शेठचा सत्कार ठेवला. निर्वासितांना शंभर पोती तांदूळ धाडणारा दानशूर म्हणून. मिलच्या आवारात पंगत होती आणि रांधायला मिलमधल्याच बाया. गोदामाच्या कोपऱ्यात त्या किडक्या तांदळाचं एक पोतं उरलं होतं. सुंदरबाईने ते फोडलं, तांदूळ न धुता, न पाखडता वेगळ्या हंड्यात शिजवला आणि तो भात पहिल्या पंगतीला स्वतः वाढला. शेठ, मास्तर, तालुक्याचे साहेब, गळ्यात हार घातलेले सगळे.

कुबट वासाने साहेबांनी नाक दाबलं. शेठ ओरडला, "हा कोणता भात होये?"

"तुमी धाडला तोच," सुंदरबाई पळी हातात धरून म्हणाली. "माह्या भावाची पलटण होती तिकडच्या कॅम्पात गेला तो. खा शेठजी. उपाशी माणसाले काय चव लागते?"

मास्तर पानावरून उठले. मागोमाग सगळी पंगत उठली.

तिला त्याच दिवशी मिलमधून काढलं. तांदळाची चौकशी झाली नाही. शेठने आणखी एक मिल घातली. सुंदरबाई रोवणीला, कापणीला लोकांच्या शेतात जाऊ लागली आणि ज्या बांधीत, भाताच्या खाचरात, उभी राही, तिथे शेजारणीला ती गोष्ट सांगे. पुढे शेठ नगरपालिकेला उभा राहिला, तेव्हा ती दारोदार गेली. "तिकडं लोकाइनं मतासाठी गोळ्या खाल्ल्या. त्याइच्या तोंडी किडे घालणाऱ्याले तुमी मत देता?" एवढंच म्हणायची. शेठ पडला. पाच वर्षांनी पुन्हा उभा राहिला, पुन्हा पडला.

चौऱ्याऐंशीत त्याला लकवा झाला. त्याची बायको रंभाबाई सुंदरबाईच्या दारी आली. "त्याइची जबान गेली. तुमाले भेटून हात जोडतो, असं म्हणते खुणेनं. माफ करा एकडाव."

सुंदरबाईने तिला पाट दिला, पाणी दिलं.

"माफी द्याले मी कोण, बाई? ज्याइनं तो भात खाल्ला त्याइले पुसा."

"ते कुठं भेटतीन आता?"

"नाही भेटत," सुंदरबाई म्हणाली. "म्हणूनच."

शेठ त्यानंतर दोन वर्षं खाटेवर होता. ती रोज कामाला त्याच गल्लीतून जायची, खिडकीसमोर घटकाभर थांबायची. तो मान वळवून घ्यायचा. मग ती पुढे चालू लागायची.