संपादककाकांचं स्वच्छ मुखपृष्ठ

आमच्या संपादककाकांइतका प्रामाणिक माणूस आमच्या अख्ख्या स्कारबरो उपनगरात सापडणार नाही, आणि त्यांनी जितके खोटे फोटो छापले तितके दुसऱ्या कुणी छापले नसतील. आमच्या संगीत मंडळाचं त्रैमासिक ते एकहाती काढायचे. मी फक्त मुद्रितं तपासायची, तीही त्यांच्या बेसमेंटमध्ये त्यांच्या शेजारी बसून, कारण मजकूर घरी पाठवला तर मी मध्येच काही सुधारेन अशी त्यांना धास्ती. सुधारण्याचा हक्क त्यांचा, आणि तो ते फोटोंवर बजावत. बैठका व्हायच्या कम्युनिटी सेंटरच्या खोलीत. मागे फायर एक्झिटची लाल पाटी, कोपऱ्यात ओल्या बुटांचा ढीग. अंकात मात्र त्याच खोलीला मखमली पडदा आणि दोन समया. रिकाम्या खुर्च्या त्यांना बघवत नसत. हिमवादळात जेमतेम अकरा माणसं आलेल्या एका बैठकीला त्यांनी फोटोत खोली गच्च भरली होती, आणि त्यातले एकच गृहस्थ चार ठिकाणी, चार रंगांच्या स्वेटरमध्ये मान डोलावत होते. रस्ते बंद म्हणून चार तासांवरच्या विंडसरहून निघूच न शकलेलं एक जोडपंही दुसऱ्या रांगेत दिसलं. मी हरकत घेतली तर म्हणाले, "तिकीट काढलं होतं ना त्यांनी? मनाने आलेच होते की!" आमच्या पेटीवादकांचे डोळे प्रत्येक फोटोत मिटलेले असत, म्हणून काकांनी त्यांना कुठल्याशा वाढदिवसाच्या फोटोतले उघडे डोळे बसवले. त्यामुळे विरहाची ठुमरी रंगात आलेली असताना ते समोर केक आल्यासारखे बघत होते. त्यांच्या बायकोला तो फोटो फार आवडला.

काका निवृत्त इंजिनीअर. नोकरीतला एक नियम त्यांनी घरीही मोडला नाही. एका ड्रॉइंगच्या दोन व्हर्जन ठेवल्या की साइटवर हमखास चुकीचं बांधलं जातं, असा त्यांचा अनुभव. म्हणून फोटो सुधारून झाला की ते त्याच नावाने सेव्ह करायचे आणि मूळ फोटो कायमचा जायचा. "काका, ओरिजिनल राहू द्या हो," असं मी कितीदा म्हटलं असेल. "अगं, फायनल चांगलं झाल्यावर ओरिजिनल कशाला?" एवढं म्हणून ते सेव्ह दाबून मोकळे व्हायचे.

काकू तानपुऱ्यावर बसत. भारतातून येणारा प्रत्येक गायक आमच्याकडे काकूंच्या तानपुऱ्यावर गायला आणि काकूंच्याच हातचा मसालेभात जेवला. आता तानपुऱ्यावर बसणारं माणूस असतं गायकाच्या मागे. मुखपृष्ठासाठी फोटो उभा कापला की गायकाच्या खांद्यावर काकूंचं डोकं यायचं, आणि त्रैमासिकाचं नाव नेमकं तिथेच. "कव्हर क्लीन पाहिजे," म्हणत काका दरवेळी काकूंना पुसून तिथे पडदा ओढायचे, आणि कव्हरला कुठला लागेल सांगता येत नाही म्हणून बैठकीच्या सगळ्याच फोटोंत. काकू चहा घेऊन खाली यायच्या आणि स्क्रीनकडे बघून विचारायच्या, "झालं का माझं विसर्जन?" मग आम्ही तिघं हसायचो. मीही हसायची, हे आज लिहिताना लाज वाटते.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. आजार कळला आणि पाच आठवड्यांत सगळं आटोपलं. महिन्याभराने काकांचा फोन आला, "अंक काढायचाय. कव्हरवर ती. तानपुऱ्यासकट. तू ये." मी गेले तेव्हा ते स्क्रीनसमोर बसले होते आणि दाढी कित्येक दिवसांची वाढलेली होती. इतक्या वर्षांच्या बैठकांचे सगळे फोटो त्यांनी एकेक करून उघडले होते. एकात तारांवर चार बोटं सापडली, एकात खांद्यावरचा हिरवा पदर. चेहरा कुठेच नव्हता. जिथे तो असायला हवा तिथे पडदा होता, आणि पडदा अगदी सफाईने ओढलेला होता. "चांगलं काम केलंय गं मी," ते म्हणाले. "कुठे जोड दिसत नाही."

घरच्या अल्बममध्ये काकू होत्या, पण तानपुरा घेतलेल्या एकाही फोटोत नव्हत्या. ब्रॉसार्डला राहणारी काकांची मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, जस्ट अ‍ॅड द तानपुरा. यू डू धिस ऑल द टाइम!" काकांनी तेही करून पाहिलं. सहलीच्या फोटोतल्या काकूंच्या हातात तानपुरा दिला, सावलीसुद्धा जमवली. मला तर तो फोटो खरा वाटला. काकांनी तो पुसून टाकला. "हात असे नसायचे तिचे," ते म्हणाले. मी विचारलं, "मग कसे असायचे?" ते म्हणाले, "तेच मला सांगता येत नाही."

शेवटी सभासदांना ईमेल केली आणि लोकांनी आपापल्या फोनमधले फोटो पाठवले. सगळ्यांनी गायकावर नेम धरलेला. काकू कुठे माइकच्या दांड्याआड, कुठे अर्ध्या कापलेल्या. एकाच फोटोत त्या पूर्ण होत्या. कुणीतरी आपल्या नातीचा फोटो काढला होता, आणि पार मागे काकू बैठकीआधी तानपुरा जुळवत होत्या, भोपळ्यावर वाकून, कान तारांपाशी नेऊन. फोटो पुसट होता. "काका, थोडा शार्प करा ना," मी म्हटलं. "नको. शार्प केलं की न दिसलेलं आपल्या मनाने भरावं लागतं. माझ्या मनाचं भरपूर भरून झालं." नातीच्या आईची परवानगी घेऊन तो फोटो होता तसा छापला. मंडळात पुष्कळांना तो आवडला नाही. हे कसलं मुखपृष्ठ, मधोमध भलतीच मुलगी, असं एकजण माझ्याजवळ बोललेही. मी त्यांच्याशी भांडले.

त्या अंकानंतर काकांनी त्रैमासिक सोडलं. आता ते बैठकीला कॅमेरा आणत नाहीत. समोरची मानाची खुर्ची सोडून भिंतीकडेला बसतात, तिथून गायक नीट दिसतही नाही. परवाच्या बैठकीत तानपुऱ्यावर एक नवी मुलगी होती. मध्यंतरात मी काकांना विचारलं, गाणं कसं वाटलं?

"गाणं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अगं, ती पोरगी सव्वा तास जागची हलली नाही. पाठ केवढी भरून आली असेल तिची! तुझ्या काकूचीही येत असणार. घरी आलो की ती गपचूप भांडी आवरायला लागायची, आणि मी खाली जाऊन फोटो उघडायचो."