एका खोलीचं लॉगिन

नायगावची आमची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी झाली आणि आम्ही सगळे पांगलो. कोणी भायखळ्याला, कोणी परळला, आम्ही माझगावला भाड्याने. पांगण्याआधी मी चाळीसाठी एक विकी सुरू केला होता. कोणीही पान उघडावं, आठवेल ते लिहावं, दुसऱ्याने दुरुस्त करावं. नळाच्या वेळा, गणपतीच्या आरतीचा क्रम, गच्चीवर कोणाचे पापड कुठे वाळायचे.

सर्वांत जास्त लिहिलं ते बावीस नंबरच्या काकूंनी. मूळच्या मालवणकडच्या, वय पंचाहत्तरच्या पुढे. गॅलरीतल्या पाण्याच्या पिंपांवर त्यांचं एक अख्खं पान आहे. खोली आधी काकांच्या नावावर होती, ते गेल्यावर मुलाच्या नावावर झाली. स्वतःचं नाव छापलेलं त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते विकीच्या पानाखाली.

अडचण पासवर्डची होती. लोक तो विसरायचे आणि मला फोन करायचे. सोसायटीच्या वेबसाइटवर मात्र बिल्डरकडून मिळणारा भाड्याचा हप्ता जमा झाला का हे बघायला प्रत्येक घर ओटीपी टाकून बिनचूक शिरायचं. मग तेच लॉगिन विकीला का चालू नये? मी ऑफिसात हिशेबाच्या संगणक प्रणाली सांभाळतो, त्यामुळे हे जमेल असं वाटलं. मोठ्या कंपन्यांच्या लॉगिनसाठी विकीत तयार जोडण्या मिळतात, पण आमच्या सोसायटीची साइट दादरच्या एकाने हाताने बांधलेली. तिच्यासाठी जोडणी मलाच लिहावी लागली.

ते काम करताना मला फार मजा आली. विकी आलेल्या माणसाला स्वतः काहीच विचारत नाही. त्याला सोसायटीच्या साइटकडे धाडतो. ती ओटीपी तपासते आणि सहीची चिठ्ठी देऊन परत पाठवते. विकी सही खरी आहे एवढंच बघतो, मग चिठ्ठीत लिहिलेलं सगळं मानतो. एक यंत्र दुसऱ्यावर इतका विश्वास ठेवतं, आणि तोही फक्त सहीच्या आकडेमोडीवर, याचं मला अजून नवल वाटतं.

चिठ्ठीत तीन गोष्टी यायच्या: सभासदाचं नाव, फोन नंबर, खोली नंबर. यातली कोणती गोष्ट म्हणजे माणूस, हे मला ठरवायचं होतं. एका नावाचे दोघे होते. फोन नंबर बदलतो. खोली नंबर जन्मात बदलत नाही. शिवाय चाळीत आम्ही एकमेकांना ओळखतो ते तसंच: बावीसवाल्या काकू, नऊवाले मास्तर. मी खोली नंबर निवडला. जुनी खाती त्या त्या खोलीच्या नव्या खात्यात विलीन केली, बॅकअप घेऊन ठेवला आणि समाधानाने चहा प्यायलो.

पुढच्या आठवड्यात काकूंचा फोन आला.

"माजा नाव खंय गेला रे?"

"काय झालं काकू?"

"पिंपाच्या पानाखाली झिलाचा नाव इला. झिलान कधी एक पिंप तरी उचललान काय?"

मी बघितलं. बावीस नंबरमधून कोणीही काहीही लिहिलं तरी खाली सभासदाचंच, म्हणजे मुलाचं, नाव येत होतं. सासू, सून, मुलगा, सगळे मिळून एकच इसम. एका पानावर तर या इसमाने माशांच्या तिखल्यात त्रिफळं घालावीत असं सकाळी लिहून संध्याकाळी ते स्वतःच खोडलं होतं.

उपाय सोपा होता. साइटने खोलीऐवजी माणसागणिक वेगळा क्रमांक द्यायचा. त्यासाठी घरातल्या प्रत्येकाची नोंद हवी. मी सेक्रेटरींकडे गेलो.

"अजिबात नाही," ते म्हणाले. "एका खोलीला एक सभासद. चार नावं घातलीत तर उद्या चौघे फ्लॅटवर हक्क सांगतील. मग तुम्ही येणार का कोर्टात?"

त्यांची भीती खोटी नव्हती. मी म्हटलं, सभासदाने आपल्या घरातल्यांचे फोन नंबर फक्त विकीपुरते भरायचे. त्यांना भाड्याचं पान दिसणार नाही, फ्लॅटच्या कागदांत नाव येणार नाही. सेक्रेटरींनी हे माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं, मग कमिटीपुढे मांडून होकार दिला.

काकूंना हे नीट सांगणं मला भाग होतं. "नाव फक्त विकीवर येईल हां. घराच्या कागदावर नाही."

"असांदे. घर झिलाचाच आसा. पान माजा."

मुलाने त्यांचा नंबर भरला. जुनं लेखन बॅकअपवरून ज्याच्या त्याच्या नावावर परत गेलं. मधल्या आठवड्यांत बावीस नंबरमधून केलेल्या अकरा दुरुस्त्या मात्र कोणाच्या हे यंत्राला सांगता येईना. म्हणून एका रविवारी मी त्यांच्या भायखळ्याच्या भाड्याच्या घरी लॅपटॉप घेऊन बसलो. मी वाचायचो, काकू सांगायच्या, मी नाव कागदावर टिपायचो. त्रिफळांची ओळ त्यांची, खोडणारी सून. नळाच्या वेळा मुलाच्या.

मग बाळंतपणांचं पान आलं. कुठल्या खोलीतली बाई रात्री पाणी तापवायची, कोण बाळाला पहिलं हातात घ्यायची, अशा सात-आठ ओळी. त्या काकूंनीच लिहिल्या असं धरून चाळीतल्या कितीतरी बायकांनी काकूंना फोन केले होते. मी काकूंचं नाव टाकायलाच लागलो होतो.

"थांब," त्या म्हणाल्या. "ह्या माजा नाय." आणि स्वयंपाकघराकडे बघून, "गो, ह्या तू लिवलंस?"

"हो," आतून आवाज आला. "तुम्हीच सांगितलेलं ना, भाकऱ्या थापताना."

"सांगितलंय मी. लिवलान तिना. तिचा नाव घाल."

मी म्हटलं, दोघींची नावं घालता आली असती, पण विकी एका दुरुस्तीला एकच माणूस मानतो.

"मगे तिचाच घाल."

पण कागदावरचं नाव विकीवर घालायला खातं लागतं, आणि सुनेचा नंबर भरायचं मुलाच्या लक्षातच आलं नव्हतं. काकूंनी त्याला तिथल्या तिथे हाक मारली, फोन उघडायला लावला. सून पिठाचे हात पदराला पुसत बाहेर आली आणि आपला नंबर सांगू लागली.