तेराव्या दिवसाची गोष्ट

माझी बदली जवळा बाजारजवळच्या एका उपकेंद्रात झाली, तेव्हा आम्ही हिंगोलीचं भाड्याचं घर सोडून नवऱ्याच्या गावी राहायला आलो. मी नर्स आहे. नवऱ्याचं खताबियाण्यांचं दुकान जवळा बाजारातच, त्यामुळे त्यालाही ते सोयीचं पडलं. घरात सासरे एकटेच होते. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही मामा म्हणते. मुलगी त्यांना आबा म्हणायची. ती तेव्हा तिसरीत होती.

अडचण एकच होती. शाळा सुटल्यापासून मी घरी येईपर्यंत मुलीला सांभाळणार कोण? पहिले काही दिवस ती मोबाइल घेऊन बसली. मामांना तो बंद करता येत नव्हता आणि तिला बंद करायचा नव्हता. एके दिवशी मी त्यांना म्हटलं, की तुम्ही तिच्याशी जरा बोलत बसा. ते म्हणाले, लेकराशी काय बोलायचं असते ते मला कुठं माहीत. मामा मुळात कमी बोलणारे. माझ्याशीही त्यांचं बोलणं चहा, गोळी आणि पाऊस एवढ्यापुरतंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी परतले तेव्हा मोबाइल भिंतीतल्या देवळीत पडलेला होता. मामा ओट्यावर चऱ्हाट वळत होते. मुलगी तागाचं दुसरं टोक धरून बसली होती आणि भीम बकासुराकडे निघालेला गाडा वाटेतच खात सुटला होता. मामांच्या गोष्टीत त्या गाड्यावर ज्वारीच्या भाकरी, पिठल्याची घागर आणि ठेचा होता. बकासुर पाठीत गुद्दे घालतो आणि भीम मान न वळवता जेवत राहतो, एवढ्यावर मुलगी इतकी हसली, की तिच्या हातातलं टोक सुटलं.

मामांचं शिक्षण चौथीपर्यंतचं. तरुणपणी ते श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी ऐकायला बसत. एकजण ओवी वाचायचा, दुसरा तिचा अर्थ सांगायचा. अर्थ सांगणारा म्हातारा थकला, तेव्हा काही वर्षं ते काम मामांकडे आलं होतं. हे मला पुढे कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की ज्या माणसाला मी मुका समजत होते त्याच्या तोंडून तासतासभर बोलणं निघतं आहे. त्यांची गोष्ट आमच्याच शिवारात घडायची. लाक्षागृह कापसाच्या गंजीसारखं पेटायचं. वनवासातले पांडव औंढ्याच्या डोंगराकडून यायचे आणि आमच्याच ओढ्यावर पाणी प्यायचे. मुलीला ते खरंच वाटायचं. एकदा ओढ्यात तिला मोठा खळगा दिसला, तर तो तिनं भीमाच्या टाचेचा ठरवला.

महिनाभरात तिच्या वर्गातली एक मैत्रीणही यायला लागली. तिचं घर बुद्धविहाराच्या बाजूला. वडील एसटीत कंडक्टर होते. एका सुट्टीच्या दिवशी ते स्वतः आले, ओट्यावर बसले, चहा घेतला. आमच्या घरी हे सांगत नाहीत, पण ऐकायला काही हरकत नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. फक्त पोरीनं काही विचारलं तर तिला गप्प बसवू नका, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

"ती गप्प बसते व्हय?" मामा म्हणाले. कंडक्टर हसले. विषय तिथेच संपला.

ती खरोखरच गप्प बसत नव्हती. एकलव्याची गोष्ट आली त्या दिवशी मी लवकर घरी आले होते आणि आत भाजी निवडत होते. अंगठा कापून दिला म्हटल्यावर तिनं विचारलं, काहून दिला? मामांनी नेहमीचं उत्तर दिलं, गुरूनं मागितला म्हणून. ती म्हणाली, त्या गुरूनं तर त्याला काही शिकवलंच नव्हतं. मामा बराच वेळ चऱ्हाट वळत राहिले. मग म्हणाले, "न्हाई द्यायला पाहिजे होता. मला बी तसंच वाटते."

"मग तुमी सांगताना बदला ना."

"बदलता येत न्हाई, लेकरा. झालेलं हाये ते."

तिला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं तिच्या आजीकडून ऐकलेली गोष्ट आणली. बाण लागून पडलेला हंस, त्याला उचलून घेणारा राजपुत्र, आणि हंस मारणाऱ्याचा की वाचवणाऱ्याचा यावर झालेला न्याय. मामांनी ती मन लावून ऐकली. हंस पुढं उडाला का, हे त्यांनी दोनदा विचारलं. पुढे त्यांनी स्वतःच तो हंस आपल्या गोष्टींमध्ये सामील करून घेतला. मध्येच ते म्हणायचे, इथं तो हंसवाला राजपुत्र असता तर वेगळं झालं असतं.

युद्ध सुरू झालं तेव्हा हरभरा सोंगायला आला होता. दोघी पोरी शाळेतून धावत यायच्या. भीष्म बाणांच्या शेजेवर पडले. द्रोण सेनापती झाले. आणि दुसऱ्या दिवशी मामांनी गोष्ट मागे नेली. म्हणाले, द्रौपदीच्या स्वयंवरातलं थोडं सांगायचं राहिलं होतं. पोरींनी ते ऐकून घेतलं. त्यानंतर मत्स्यदेशातल्या अज्ञातवासाचं राहिलेलं निघालं. पुन्हा युद्ध आलं, पुन्हा भीष्म पडले, द्रोण सेनापती झाले, आणि गोष्ट परत वनवासात गेली. मुलगी माझ्याकडे तक्रार करायला लागली, की आबांना पुढचं येत नाही. मलाही तसंच वाटलं. वय झालं होतं, विसरत असतील. नर्सला विसरण्याची कारणं पटकन सुचतात.

मी नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता. घास संपवून म्हणाला, "त्यांना सगळं येतं. लहानपणी आम्हा दोघा भावांना त्यांनी अख्खं सांगितलं आहे."

त्याचा धाकटा भाऊ गेल्याचं मला माहीत होतं. समोरच्या खोलीत त्याचा फोटो होता, शर्टाची वरची गुंडी लावलेला, केस ओले करून बसवलेले. विहिरीत गेला एवढंच मी ऐकलं होतं आणि बुडाला असेल असं धरून चालले होते. त्या दिवशी नवऱ्यानं पहिल्यांदा नीट सांगितलं. विहिरीचं पाणी खाली गेलं होतं, म्हणून ऑइल इंजिन आत खालच्या टप्प्यावर ठेवलं होतं. ते बंद पडलं. भाऊ दहावीची परीक्षा देऊन घरी होता, त्याला इंजिन चालू करता येत होतं. तो उतरला, इंजिन चालू झालं, आणि धूर आत कोंडला. वर असलेला गडी हाका मारत राहिला. दुसरी माणसं येईपर्यंत उशीर झाला. मामा त्या दिवशी जवळ्याच्या बाजारात बैल बघायला गेले होते. त्यानंतर ते पोथीला कधी बसले नाहीत.

अर्जुनाच्या मुलाला चक्रव्यूहात शिरायचं माहीत होतं, बाहेर यायचं नव्हतं, हे मलाही माहीत होतं. मुलीला काही सांगायचं नाही, असं ठरलं. गावोगाव फिरताना मी असं पुष्कळ पाहिलं आहे. माणसं आपल्या दुखण्याचं नाव सोडून बाकी सगळं सांगतात. आपण ते नाव घेतलंच पाहिजे असं नसतं.

पण शाळा होती. उन्हाळ्याच्या तोंडावर तिच्या बाईंनी वर्गात शूर मुलांच्या गोष्टी सांगितल्या, त्यात अभिमन्यू आला. त्या दिवशी मी रजेवर होते. मुलगी दप्तर न काढताच ओट्यावर उभी राहिली. मैत्रीण तिच्या मागे होती.

"आबा, अभिमन्यू मरतो. तुमी काहून न्हाई सांगितलं?"

मामांनी तिच्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "न्हाई सांगितलं."

"तुम्हाला येत न्हाई का?"

"येते."

मी दारात होते. तिला आत बोलवावं असं वाटलं आणि मी बोलावलं नाही. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. ती दप्तर काढून खाली बसली आणि म्हणाली, मग मी सांगते.

तिनं सांगितलं ते धड नव्हतं. चक्रव्यूह तिनं बोटानं मातीत काढला, तो गोगलगाईसारखा दिसत होता. आईच्या पोटात असताना ऐकलेलं, आई झोपली म्हणून अर्धंच राहिलेलं, हे तिनं शेवटी आठवल्यावर सांगितलं. मागून येणाऱ्या पांडवांना वाटेतच कुणी अडवलं, त्याचं नाव तिला येत नव्हतं. मामा चऱ्हाट वळत होते. नाव त्यांनी सांगितलं नाही. मैत्रीण मध्ये म्हणाली, की एकट्या पोराला इतक्या मोठ्या माणसांनी घेरणं चूक आहे, आणि मुलगी म्हणाली, हो, बाईंनी पण तेच सांगितलं.

"मग त्याचा रथ मोडला. मग त्यानं तलवार घेतली आणि मग तो मेला," ती म्हणाली.

"तसं न्हाई," मामा म्हणाले.

त्यांचे हात थांबले होते. ते म्हणाले, तलवार तुटली. मग त्यानं रथाचं चाक उचललं. दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं आणि तसाच धावला. अंगाला धूळ लागलेली, केस सुटलेले. पोरगं होतं, पण त्या वेळी त्याच्या समोर यायला मोठमोठे बिचकले. मग ते चाक बी तोडलं. ते हे सगळं अगदी सावकाश सांगत होते, देवळात सांगत असतील तसं, प्रत्येक वाक्यानंतर थांबून. मारण्याचं त्यांनी एका वाक्यात उरकलं. पोरींना वाटलं गोष्ट संपली. पण मामांची गोष्ट तिथे संपत नव्हती.

अर्जुन त्या दिवशी दुसऱ्या बाजूला लढत होता, ते म्हणाले. त्याला काहीच माहीत नव्हतं. दिवस बुडता बुडता तो परत निघाला. रोज छावणीतून वाद्यांचा आवाज यायचा, त्या दिवशी आला नाही. रोज पोरगं समोर पळत यायचं, ते आलं नाही. वाटेत ओळखीची माणसं भेटली. एकानं पागोटं सारखं केलं, एकानं बैलाची वेसण धरून तोंड तिकडं केलं.

युद्धात बैल कुठून आला, हे मुलीनं विचारलं नाही. एरवी तिनं विचारलं असतं.

"मग त्याला कुणी सांगितलं?" मैत्रिणीनं विचारलं.

"कुणीच न्हाई," मामा म्हणाले. "सांगायला लागत न्हाई. माणसं वर बघंनात, की कळते."

ते उठून मागच्या अंगणात गेले. रांजणातून पाणी काढल्याचा, चूळ भरल्याचा आवाज आला. मी चहा ठेवला. पोरी मातीतला चक्रव्यूह पायानं पुसून लगोरी खेळायला गेल्या. मामांनी चहा घेतला, साखर कमी आहे म्हणाले. मी त्यांचं बीपी बघावं म्हणून यंत्र काढलं, तर त्यांनी हात पुढे केला. थोडं वाढलेलं होतं. फार नाही.

रात्री जेवताना नवऱ्याला मी जे झालं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो दुकानात उशिरा गेला. सकाळी बराच वेळ बापाशेजारी ओट्यावर बसून होता. दोघं हळदीच्या भावाबद्दल बोलत होते.

त्यानंतर युद्ध फार भराभर संपलं. अठरा दिवसांतले उरलेले पाच दिवस मामांनी आठवड्यातच उरकले. पण मध्ये एक वेगळंच झालं. मुलीनं त्यांना विचारलं होतं, की फोटोतला काका कसा होता. कुणी तिला काही सांगितलं होतं, की तिचं तिलाच जुळलं, मला माहीत नाही. मामांनी तिला सांगायला सुरुवात केली. तो डावरा होता. गणितात कच्चा, पण कुठलंही यंत्र उघडून जोडायचा. भाकरीबरोबर गूळ लागायचा. रेडिओ दुरुस्त करतो म्हणून त्यानं शेजाऱ्याचा रेडिओ कायमचा बिघडवला होता आणि नंतर आठ दिवस त्या घरासमोरून जायचं टाळलं होतं. यातलं निम्मं माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. आपला भाऊ डावरा होता हेही तो विसरला होता. मुलगी जेवताना एकेक गोष्ट सांगायची आणि तो घास हातात धरून ऐकायचा.

मैत्रिणीच्या वडिलांची पुढे हिंगोलीच्या आगारात बदली झाली आणि ते कुटुंब तिकडे गेलं. जाण्याआधी ती निरोप घ्यायला आली, तेव्हा मामांनी तिला वळलेल्या चऱ्हाटाची उड्या मारायची दोरी दिली. आता दोघी मुली कॉलेजात आहेत, एक नांदेडला, एक हिंगोलीत. त्यांचं फोनवर बोलणं असतं. गोष्टींबद्दल असतं असं वाटत नाही.

मामा आता चऱ्हाट वळत नाहीत, बोटं वाकत नाहीत. कानही गेले आहेत. पण शाळा सुटली की गल्लीतली चार-पाच पोरं ओट्यावर येतात. पोरं तिथे शांत बसतात, हे त्यांच्या आयांच्या लक्षात आलं आहे. एकीनं तर निवडायची तूरच पोराच्या हाती देऊन पाठवली, आणि पोरांनी गोष्ट ऐकता ऐकता ती निवडली. तेव्हापासून कुणाची ना कुणाची तूर येत असते. पोरं मध्येच काही विचारतात, मामांना ऐकू येत नाही, मग ते अंदाजानं उत्तर देतात. पोरांना ते चालतं. गेल्या आठवड्यात कुणीतरी विचारलं होतं, की भीमाला दुकानात कपडे मिळायचे का, आणि मामांनी गदेचं वजन सांगितलं.