कुठी उभं राहून इचारलं?

ढेपवाली खाला कुणाला माफ करत नसे. ‘झालं गेलं विसरा’ म्हणणाऱ्याला ती सुनवायची, "तुह्यं काही गेलं नाई, म्हून तुले इसरता येते." नांदुऱ्यात बसस्टँडासमोर तिचं सरकीच्या ढेपेचं, म्हणजे गुरांच्या पेंडीचं, दुकान आणि त्याला लागून माझं शिलाईचं. गिऱ्हाईक आलं की ढेपेचा तुकडा आधी स्वतःच्या दाताखाली फोडायची, मगच पोतं सोडायची. "जे माह्या म्हशीले, तेच तुह्या म्हशीले."

तिला वाचता येत नव्हतं, पण पेपरवर जीव. रोज सकाळी मी वाचायची आणि ती मध्येच अडवायची, "सगळे म्हनजे कोन व? नावं सांग." मला हसू यायचं.

बीटी कपाशी शिवारभर पसरली होती, तेव्हाची गोष्ट. एका सकाळी मीच, या माझ्या तोंडाने, वाचलं: ‘सर्वेक्षणात उघड! बीटी सरकीच्या ढेपेची पशुपालकांत दहशत.’ खाली ठळक टक्केवारी. खालाने विचारलं, "किती जनांले इचारलं? अन् कुठी उभं राहून?" ते काही छापलेलं नव्हतं. आठ दिवसांत दुकान ओस पडलं. जुनी गिऱ्हाइकं लांबूनच हात जोडायची. "खाला, मी नाई भेत, पन सगळे भेऊन राह्यले ना!"

खाला नुसती धुमसत होती. "ढेप खराब आहे असं लिहिलं असतं, तर तपासून दाखोली असती. यानं लिहिलं, लोक भेतात. आता भेव कुठी तपासू?"

शोध तिनेच काढला. बातमीदार जनावरांच्या दवाखान्याच्या रांगेत विचारत फिरला होता. आजारी बैल धरून उभा असलेला माणूस दुसरं काय सांगणार, कपाळ! आम्ही दोघी त्याच्याकडे गेलो. दुरुस्ती छापा, म्हटलं. त्याने चष्मा पुसला. "आकडे खरे आहेत, मावशी. दुरुस्ती कशाची?"

"बरं," खाला म्हणाली. ती ‘बरं’ म्हणाली की मला धडकी भरायची.

बातमीदाराच्या घरचं कचोरीचं हॉटेल आमच्या दुकानांसमोरच होतं. खाला सरकारी दवाखान्यात गेली आणि पोटदुखीवाल्यांच्या बाकाशी उभी राहून एकेकाला विचारत सुटली, "काय बे, बाहेरचं खायाले भेव वाटते का?" एकजात सगळे हो म्हणाले. पाटी मी रंगवली, अगदी मन लावून: ‘सर्वेक्षणात उघड! नांदुऱ्यात हॉटेलच्या खाण्याची दहशत.’ खाली ठळक ‘शंभर टक्के’. हॉटेलाकडे तोंड करून ठेवली. चौथ्या दिवशी स्वारी घामाघूम होऊन हजर. "खाला, हे खोटं आहे!"

"आकडे खरे आहेत, भाऊ. दुरुस्ती छाप, पाटी उतरोतो."

इतकं गार मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. आजही त्याची लाज वाटत नाही.

त्याने छापली नाही. आमची पाटी चार माणसं वाचत, त्याचा पेपर जिल्हा वाचे. हॉटेल चाललं, दुकान बंद झालं. खालाने शेवटी म्हैसही विकली. पण रोज सकाळी माझ्याकडे यायची आणि पेपर उघडायच्या आधी विचारायची, "दुरुस्ती आली का व?" वर्षानुवर्षं, एकही सकाळ न चुकता.

ती गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी बातमी आली: ‘ढेपवाल्या खालाचे निधन. अवघे नांदुरा शोकाकुल.’ बातमीवर नाव त्या बातमीदाराचंच. शिवण तशीच टाकून मी त्याच्या दारात उभी राहिले. "कुठं उभं राहून विचारलंत?"

"कब्रस्तानात," तो म्हणाला. "तिथं सगळेच रडत होते." त्याचेही डोळे भरले होते. मला दया आली नाही.

"मग आता तरी दोन्ही दुरुस्त्या छापा."

"संपादकसाहेब नाही म्हणतील हो, ताई."

म्हणून मीच लिहिते आहे. ढेपेची ती दहशत जनावरांच्या दवाखान्याच्या दारात मोजलेली होती. आणि खालासाठी अवघं नांदुरा रडलं नाही. तिची ढेप सोडलेले कितीतरी जण ती गेली त्या संध्याकाळी समोर कचोरी खात होते. मी माझ्या दुकानाच्या दारात उभी राहून बघितलं, नावंही सांगू शकते.

खाला, दुरुस्ती आली.