लाभ, दोन, तीन, चार

मास्तरचा फोन आला तेव्हा मी अर्ध्या चेहऱ्याले रंग लावून बसलो होतो. वडशाच्या एका नाटक मंडळात मी विनोदी पात्र करतो. हिवाळ्यात, नाटकांच्या हंगामात, आमचा खरा चेहरा फक्त आंघोळीच्या वेळेस दिसते.

"ऐक बे," मास्तर म्हणाला. "रविवारी दुपारी आपला क्लब पुन्हा भरून राह्यला. त्याच गोदामात. सगळे येऊन राह्यले. चाचा बी."

"वा!"

"वा नाई. तुले चाचाचा आवाज काढाचा हाय. सुरुवातीले मोजाले."

माझा हात गालावरच थांबला. "मी नाई."

"काऊन? आधी तं थांब म्हनलं तरी थांबत नव्हता."

"चाचासमोर नाई."

"चाचासमोरच पायजे," म्हणून त्यानं फोन ठेवला. मास्तर आता खरोखरचा मास्तर हाय, चिमूरच्या शाळेत. तेव्हा आमचा गिटारवाला होता, आणि गणितात दोनदा नापास.

क्लब म्हणजे आमचा रॉकचा अड्डा, वडशातलं एक रिकामं धानाचं गोदाम. आवाज घुमू नये म्हणून भिंतीवर बारदाना टांगला होता. तरी ड्रम वाजला की छतावरून कोंडा पडायचा आणि शेवटच्या गाण्यापर्यंत सगळ्यांचे केस पिकायचे. आमचं पहिलं गाणं गोदामातल्या उंदरांवर होतं. ऐकायले बी तेच जास्त होते.

हे सगळं चालवायचे चाचा. ते धानाचे मापारी. त्यायले गाता येत नव्हतं, वाजवता येत नव्हतं. मोजता येत होतं. आमच्याकडे धान मोजताना पहिल्या मापाले कोणी 'एक' म्हणत नाई, 'लाभ' म्हणते. लाभ, दोन, तीन. चाचांची जीभ लहानपणापासून त्यालेच सरावलेली. म्हणून माईकसमोर उभं राहून ते बँडले बी तसंच सुरू करायचे, गालातला तंबाखू सांभाळत, "लाभ! दोन! तीन! चार!" आणि चारवर सगळे तुटून पडायचे. चारवर कोणी उशिरा वाजवलं तं चाचांचं एक बोट वर. परत, लाभापासून. रॉकमधे लाभ कुठून आला म्हणून पहिल्या दिवशी सगळे हसले. महिन्याभरानं लाभ ऐकल्याबिगर कोणाचे हात हलेनात.

मागच्या वर्षी चाचांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाजाची पेटीच काढावी लागली. म्हणून मास्तरले माझा गळा पायजे होता.

आणि म्हणूनच मले तो द्यायचा नव्हता. काऊन की क्लब मी बंद पाडला होता, चाचांच्या आवाजात.

सगळ्यांले वाटते, शेठनं बंद पाडला. शेठ म्हणजे गोदामाचा मालक. आवाज कमी करा म्हणून तो रोज चाचांले फोन करायचा. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाले होतो. गिटारची तार तुटली की नवी लावेपर्यंत मी नकला करून लोकांले बसवून ठेवायचो. एका दुपारी सगळे चहाले बाहेर गेले, मी एकटा आत होतो, आणि अॅम्प्लिफायरवर ठेवलेला चाचांचा मोबाईल वाजला. शेठ.

मी उचलला.

"हां शेठ," मी गालात तंबाखू असल्यावानी बोललो. "रोज रोज काय लावलं हो तुम्ही? आता मी मोजतो. एक. दोन. तीन. झालं. सोडलं तुमचं गोदाम. चावी घेऊन जा."

पलीकडून फोन कटला. मले वाटलं, काय जमलं यार! फोन जागेवर ठेवला आणि हसू दाबायले बोऱ्यात तोंड घातलं.

दुसऱ्या दिवशी दारावर नवं कुलूप. चाचा शेठकडे गेले, तासाभरानं परत आले. "शेठ म्हनते, गोदाम मी सोताच सोडलं," एवढंच बोलले आणि आमच्या एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. माझी पाळी आली तेव्हा मी चपलेचा अंगठा पाहून राह्यलो होतो.

नऊ वर्षं मी तो अंगठाच पाहून राह्यलो.

रविवारी गोदामात पाय ठेवला तं तोच कोंड्याचा वास. शेठ आता नाई. त्याच्या पोरानं एका दुपारपुरती चावी दिली होती. चाचा प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, गळ्याभोवती पांढरा रुमाल, मांडीवर नातीची पाटी. अंगानं निम्मे झाले होते. मले पाहून त्यायनं लिहिलं, "जाडा झाला."

"नाटकवाले भात लय वाढते, चाचा," मी म्हटलं आणि तिथून जो सटकलो तो थांबलोच नाई. नकलेत कंडक्टर काढला, तहसीलदार काढला, लग्नात रुसलेला जावई काढला. लोकं हसून राह्यले होते आणि माझ्या पाठीले घाम सुटला होता.

"आता चाचाचा काढ!" कोणतरी ओरडलं.

"गळा बसला," मी म्हटलं. बोलल्यावर कळलं कोणासमोर बोललो. चाचांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाई. नुसतं पाहिलं. ते जास्त वाईट.

आमचा जुना ड्रमवाला नोकरीवर दूर गेलेला, म्हणून नागपूरहून एक पोरगा आणला होता. गिटारा लागल्या, माईक तपासले. पोरानं काड्या आपटल्या, "वन, टू, थ्री, फोर!" आणि धडाधड सुरू झाला.

एकटाच. बाकी तिघं हात वर धरून उभे.

पोरगा थांबला. "क्या हुआ भाई?"

"लाभ नाई म्हनला," मास्तर बोलला.

"कोन लाभ? आया नहीं क्या अभी तक?"

गोदाम फुटलं हसून. मग एकदम हसू थांबलं, काऊन की चाचा उभे झाले होते. सवयीनं. सरळ माईकपाशी गेले, एक हात वर केला, तोंड उघडलं. रुमालामागून फक्त हवा आली. माईकनं ती सगळ्यांले ऐकवली.

चाचांचा हात तसाच वर. मास्तरनं माझ्याकडे पाहिलं, मग एकेक करून सगळ्यांनी.

आता आवाज काढला तं चोरीचा माल मालकासमोर विकल्यासारखं. नाई काढला तं त्यायचा हात तसाच राह्यते. मी पुढे गेलो, पण माईककडे नाई. चाचांचा हात धरून त्यायले खुर्चीवर बसवलं आणि कानाशी वाकलो.

"चाचा, शेठचा तो फोन... तुम्ही नव्हते. मी होतो."

चाचांनी पाटी उचलली. लिहीत राह्यले. पेन्सिल करकरत होती.

"लव लेटर लिहून राह्यले का बे?" मास्तर ओरडला. 

पाटी माझ्याकडे वळली. "शेठ मले म्हनला, 'तू एक दोन तीन मोजलं.' तवाच समजलो. मी एक म्हनत नाई."

मी दोनदा वाचलं. तेव्हाच. म्हणजे त्या दिवशी एकेकाचं तोंड पाहिलं ते चोर शोधायले नाई, नकला करणाऱ्या माझ्यापाशी यायले.

"मग सांगितलं काऊन नाई?"

त्यायनं बाहीनं पाटी पुसली. "पोट्ट्यांनी हाड मोडले असते तुझे." मग खाली, मोठ्या अक्षरात, "आता लाभ म्हन."

मी माईकवर गेलो. गालात तंबाखू धरायची जागा केली, गळा खाली आणला, सगळं नीट लावलं. तोंड उघडलं आणि आवाज निघाला माझाच, बारीक, फाटका.

"लाभ."

कोणी हसलं नाई. तिन्ही गिटारांवरचे हात वर गेले.

"दोन. तीन." इथं मले हुंदका आला. "चार!"

सगळे तुटून पडले. पहिल्याच ठोक्याले छतावरून कोंडा सुटला, मास्तरच्या टकलावर बसला. मी चाचांकडे पाहिलं. कपाळाले आठी. त्यायनं चार बोटं दाखवली, मान हलवली आणि एक बोट वर केलं.

बँड थांबला.

"काय झालं आता?" नागपूरच्या पोरानं विचारलं.

"चारवर उशीर केला यानं," मास्तर म्हणाला. "परत."

मी नाक पुसलं आणि परत लाभापासून सुरू केलं.