रोजची आणि कायमची

‘रोज’ हा शब्द वर्गात शिकवताना मी त्याचे दोन अर्थ फळ्यावर लिहिते. पहिला, दररोज. दुसरा, दिवसभराच्या कामाची मजुरी. पेणच्या मुलांना दुसरा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्यांतल्या अनेकांचे वडील रोजावर जातात. माझे पतीही रोजावर जातात, आणि हे मी अभिमानाने सांगते.

पूर्वी ते रोह्याच्या एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली फिटर होते. पेणच्या रामवाडीतल्या घरातून पहाटे डबा घेऊन निघत. एक दिवस आपण ‘कायम’ होऊ, ही त्यांची जुनी आस. आमच्या भागात कायम हे नुसते विशेषण नाही. कायम झालेल्या माणसाला दुकानदारही बसायला स्टूल पुढे करतो.

शेवटी ठेकेदाराने शब्द दिला. अट लहानशी होती. नव्याने जोडलेल्या गॅसच्या पाइपाची गळती तपासायची राहिली होती.

“साहेब विचारतील, तपासलं का? तू फक्त व्हय म्हण,” ठेकेदार म्हणाला. “पुढच्या महिन्यात तू कायम.”

साहेबांनी विचारले, तेव्हा हे “नाय” म्हणाले. पाइप तपासला गेला, आणि यांना कामावर बोलावणे बंद झाले.

आमच्या घरी जेवणाआधी प्रभूने शिकवलेली प्रार्थना होते; ‘आमची रोजची भाकर आज आम्हास दे’ ही तिच्यातली ओळ. त्या संध्याकाळी ‘आमेन’ झाल्यावरही सासूबाईंनी ताटाला हात लावला नाही.

“मागायचीच तर महिन्याची भाकर मागावी,” त्या आपल्या मुलाला म्हणाल्या. “रोजची कशाला मागतोस? देवाकडं काय कमी हाय?”

“आये, कायमची मिळाली असती तर उद्या देवाकडं मागायला गेलो असतो का मी?”

“नसतास गेला. झोपला असतास. नि मी चार घास सुखानं खाल्ले असते.” मग माझ्याकडे वळून, “तू तरी सांग गो त्याला. शिकवतेस ना पोरांना?”

 माझ्या शाळेला अनुदान नाही, पगार उशिरा होतो, आणि तांदळाच्या पिठाच्या डब्याचा तळ मला दिसत होता. तरीही त्या क्षणी यांच्याकडे पाहताना मान ताठ झाली, हे खरे.

देवावर भरवसा म्हणजे स्वस्थ बसणे, असा कोणाचा समज होऊ नये. हे सकाळी उठून प्रार्थना करीत, पाने-पकडी पुसून पिशवीत भरीत आणि काम शोधायला बाहेर पडत. काम दररोज मिळाले, असेही मी लिहिणार नाही. कित्येक दिवस आम्ही पेजेवर काढले. मात्र पेजेपुरते तांदूळ मिळाले नाहीत, असा दिवस आला नाही.

भातकापणी उरकली, आणि गडब गावचा एक शेतकरी दारात आला. त्याची भातगिरण ऐन हंगामात अडली होती.

“व्हय म्हणाला नाय म्हणून घरी बसवलेला फिटर तो तुम्हीच काय?” त्याने विचारले.

“मीच.”

“मग चला. माझ्याकडं दोघं आले, झालं झालं म्हणून गेले, नि गिरण पुन्हा बंद. झालं नसेल तर नाय झालं म्हणणारा माणूस पाहिजे मला.”

जी गोष्ट आमच्या घरी नुकसान म्हणून बोलली जात होती, तिच्यावर विसंबून हा परका माणूस इतक्या लांब आला होता. संध्याकाळी हे मजुरी आणि वर नवे तांदूळ घेऊन परतले. सासूबाईंनी तांदूळ तळहातावर घेऊन निरखले. “चांगले हायत,” एवढेच म्हणाल्या. पुढे जोहे गावातून, मग आणखी कुठून बोलावणी येऊ लागली. प्रत्येक वेळी एकेका दिवसाची.

यंदा ठेकेदार स्वतः घरी आला. हे गिरणीवर गेले होते. सासूबाई चुलीपाशी भाकऱ्या थापत होत्या.

“आजी, मुलाला पाठवा. या खेपेला नक्की कायम करतो. फक्त जरा समजून घ्यायला सांगा त्याला.”

“काय समजून घ्यायचं?”

“साहेबांसमोर कसं बोलायचं ते.”

सासूबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली.

“व्हय म्हणणारा पाहिजे तर दुसरा बघ बाबा,” त्या म्हणाल्या. “आमचा पोर रोजावर हाय.”