मानेवरचा मळ

माझा हात जड. लेकीला हे लई लवकर कळलं, आणि खरं सांगते, मला त्याचा अभिमानच होता. बदनापुरातल्या आमच्या गल्लीत माझा आवाज आला की दुसऱ्यांची पोरंसुद्धा गप बसायची.

लेक अकरा वर्षांची, अंगानं चांगलीच भरलेली. खात्यापित्या घरची म्हणून सगळे कौतुक करायचे, मीही करायचे. पण तिची मान मागून काळी पडून राह्यली होती. जाड, मळकट, घडीघडीत काळी. शेजारणीनं एकदा चारचौघींत विचारलं, पोरीला आंघोळ घालता का न्हाई. झालं, माझं डोकंच फिरलं.

रविवारी तिला मोरीत बसवलं आणि टाचा घासायची वजरी घेतली. ती ओरडून राह्यली, मी घासून राह्यले. हलली की पाठीत धपाटा. फेसात लाल दिसलं तरी मला वाटलं, सुटला एकदाचा मळ. असे चार रविवार गेले. खपली धरायची, मी ती पुन्हा काढायचे. पाचव्या रविवारी ती खोलीला आतून कडी लावून बसली. मी दाराला लाथा घातल्या, कडी उखडली आणि वेणी धरून तिला फरशीवरून ओढत आणलं.

मंग शाळेत तपासणी झाली. जाड पोरांची कंबर टेपनं मोजली, बीपी घेतला, आणि आम्हाला उपाशीपोटी रक्त तपासायला जालन्याच्या दवाखान्यात बोलावलं. रिपोर्ट आला. साखर वाढायला लागलेली, रक्तात चरबी जास्त, बीपीही चढा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर सापडलंय. खाणं आणि खेळणं सांभाळलं आणि पोरगी दर तीन महिन्यांनी तपासणीला आली, तर मोठा आजार टाळता येईल. बोलता बोलता त्यांनी लेकीची वेणी बाजूला केली.

"हा मळ नाही, ताई. शरीरात साखरेचं काम बिघडलं की मान अशी काळी पडते. घासून जात नाही हे." मंग त्यांना जखमा दिसल्या. कोणी केलं, त्यांनी लेकीला विचारलं.

"मीच घासलं," लेक म्हणाली. "मम्मीनं न्हाई."

खोटं बोलली म्हणून मी तिला कितीदा बडवलं होतं. त्या दिवशी मला लाज वाटली, चोरासारखं कोपऱ्यात लपावं इतकी. "मी घासलं," मी म्हणले. "मारलं पण मीच."

बाईंनी मला चांगलंच झापलं. असंच मारत राहिलात तर ती दवाखान्याची पायरी चढणार नाही, आणि साखर कधी वाढली ते कुणालाच कळणार नाही, म्हणाल्या. मंग मलमाची ट्यूब माझ्या हातात दिली, लावा म्हणाल्या.

मी बोट जवळ नेलं. लेकीनं दात आवळले, स्टुलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि आपणहून मान खाली घातली.